‘उद्या पालकांना घेऊन ये’

‘उद्या पालकांना घेऊन ये, त्याशिवाय वर्गात बसू देणार नाही.’ नोकरीची कितीतरी वर्षं मी हे वाक्य सहज बोलत आले. गृहपाठ नाही, रोज उशीर, मागच्या बाकावर दंगा, न सांगता चार दिवस दांडी, कशावरही माझ्याकडे हा एकच उपाय होता. आमच्या स्टाफरूममध्ये तो बहुतेकांकडे होता, पण इथे मी माझ्यापुरतं लिहिते आहे.

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका अनुदानित शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. राहायला जुळे सोलापूरला. पूर्व भाग म्हणजे यंत्रमागांचा, टॉवेल-चादरींचा आणि विड्यांचा भाग. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड, काहींच्या दखनी. मराठी ही त्यांची शाळेतली भाषा. वडील मागावर नाहीतर टॉवेल कारखान्यात, आई विड्या वळणारी. हे सगळं मला माहीत होतं. प्रवेश अर्जातल्या ‘पालकाचा व्यवसाय’ या रकान्यात ‘विडी कामगार’ असं मी स्वतःच्या हाताने किती वेळा लिहिलं असेल, त्याची गणती नाही. पण विडी कामगार बाईचा दिवस कसा उगवतो आणि कसा मावळतो, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

ती सकाळी आदल्या दिवशीच्या विड्या घेऊन कारखान्याच्या शाखेत जाते. तिथे विड्या मोजून आणि तपासून घेतात. बांधणी सैल, पान फाटलेलं, अशा विड्या बाजूला काढतात. त्यांचे पैसे मिळत नाहीत. मग पुढच्या कामाचं पान, तंबाखू आणि दोरा हातात पडतो. घरी येऊन पान भिजवायचं, पत्र्याच्या मापावर कात्रीने कापायचं आणि मांडीवर सूप घेऊन वळत बसायचं. हजार विड्या हे दिवसाचं काम धरतात. एकटीच्याने ते उरकत नाही, म्हणून शाळेतून आलेली मुलं दोरा बांधायला आणि विडीची तोंडं मुडपायला बसतात. सकाळची वेळ चुकली तर पान मिळत नाही, आणि पान नाही तर त्या दिवसाची मजुरी नाही.

‘पालकांना घेऊन ये’ म्हणताना मी त्या घरातून नेमकं काय मागत होते, ते मला एका आईमुळे कळलं. तिचा मुलगा नववीत होता. वह्या अपुऱ्या, अक्षर वेडंवाकडं आणि पानांच्या घडीत तपकिरी भुकटी. ‘वही आहे की उकिरडा?’ असं मी त्याला भर वर्गात विचारलं होतं. ती भुकटी तंबाखूची होती. वही जिथे उघडायची तिथेच शेजारी सूप असायचं, हे मला तेव्हा सुचलंही नाही. आई साडेदहाला आली. काखेत रिकामी कापडी पिशवी होती. तिला मराठी जेमतेम कळत होतं, मला तेलुगू अजिबात येत नव्हतं. मग ज्याची तक्रार करायची त्यालाच मी दुभाषी केलं. मी बोलत राहिले: लक्ष नाही, उत्तरं उलटी देतो, असंच चाललं तर वाया जाईल. तो खाली मान घालून एकेक वाक्य तेलुगूत सांगत होता. आईने हात जोडले, त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि ती गेली. काम झालं, असं वाटून मी तासाला गेले.

आमचे एक सहकारी त्याच तेलुगू भाषक समाजातले. ते शेजारीच वह्या तपासत बसले होते. मधल्या सुट्टीत ते म्हणाले, “मॅडम, मुलाने काहीही लपवलं नाही. तुमचं ‘वाया जाईल’सुद्धा जसंच्या तसं सांगितलं.” थोडं थांबून म्हणाले, “आणि तिची पिशवी रिकामी होती. आज पान नाही मिळालं तिला.”

शिक्षक मुलांची परिस्थिती समजून घेत नाहीत, अशी ओरड नेहमी होते. माझी अडचण वेगळी होती. परिस्थिती मला ठाऊक होती, पण ती अर्जाच्या रकान्यात होती आणि वर्गात माझ्यासमोर होता तो फक्त मुलाचा वागणुकीचा दोष. या दोन्हींची गाठ मी कधी घातलीच नाही. चौदा-पंधरा वर्षांचं पोर घरचं सांगत नाही. लहान मूल रडून सांगतं, मोठा माणूस शब्दांत सांगतो. मधल्या वयातलं पोर उशिरा येतं, झोपतं, उलट बोलतं, किंवा येतच नाही. आपण त्यालाच शिस्तीचा प्रश्न म्हणतो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर तेवढा उरला होता, तोही नंतर रद्द झाला. एप्रिलमध्ये तेलंगी पाच्छा पेठेत शहरातला कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला आणि आमच्या मुलांच्या गल्ल्या पत्रे ठोकून बंद होत गेल्या. माग थांबले, विड्यांचे कारखाने थांबले. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या मोहिमेत मी उत्साहाने उतरले. व्हॉट्सअॅपवर गट काढला, रोज गृहपाठ टाकायचे, कुणी पाहिलं आणि कुणी नाही याची यादी करायचे. उत्तर न देणाऱ्यांच्या नावापुढे लाल फुली. त्या घरांत फोन एकच, तो वडिलांच्या खिशात, आणि रिचार्ज कधी संपलेला, याचा विचार त्या यादीत नव्हता. त्याच दिवसांत आमच्याच पूर्व भागात, नीलमनगरमध्ये, एका शाळेच्या शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. मुलं येता-जाता अंतर राखून वाचायची. मी ती बातमी वर्तमानपत्रात वाचली. त्या शिक्षकांना मुलांच्या गल्ल्या माहीत होत्या, म्हणून त्यांना भिंती सुचल्या. मला मुलांचे फक्त मोबाइल नंबर माहीत होते.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी शहरांतले आठवी ते बारावीचे वर्ग पुन्हा भरले. माझ्यासमोर नववी होती, पण ही मुलं शेवटची नीट बाकावर बसली होती ती सातवीत. मधलं एक इयत्तेचं वर्ष त्यांनी वर्ग जवळपास पाहिलाच नव्हता. मुलांचे आवाज फुटले होते, मुली एकदम मोठ्या दिसत होत्या, आणि चाळीस मिनिटं एका जागी बसायची सवय मोडली होती. माझ्या डोक्यात एकच होतं, अभ्यासक्रम मागे पडलाय. पहिल्या दिवशी मी फळ्यावर वास्तव संख्या लिहिल्या. दीड वर्षात कुणाच्या घरी काय झालं, हे विचारायला मी तास सोडा, पाच मिनिटंही दिली नाहीत.

त्या वर्गात एक मुलगा रोज दुसऱ्या तासाला झोपायचा. मी आधी त्याला तोंड धुवून यायला पाठवायचे, मग उभं करायला लागले, मग तासभर मागे भिंतीशी. मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देऊ नये, हे शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमात स्पष्ट लिहिलंय. तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि हा पंधराव्यात होता. मी कायद्याचा हिशेब करून त्याला उभं केलं नव्हतं, मला फक्त राग येत होता. एकदा विचारलं, “रात्री काय करतोस रे?” तो म्हणाला, “काही नाही मॅडम.” पोरं हसली. मीही विषय सोडला.

दुसऱ्या सत्रात तो बोनाफाईडचा अर्ज घेऊन आला. आधारमध्ये काही दुरुस्ती करायची होती. सही करताना माझं लक्ष नावाकडे गेलं. वडिलांच्या नावाआधी त्याने ‘कै.’ लिहिलं होतं. निळ्या पेनाने, नीट, टिंबासकट. मी विचारलं, कधी? म्हणाला, दुसऱ्या लाटेत. म्हणजे शाळा उघडली तेव्हाच तो बाप गेलेला पोरगा होता, आणि मी त्याला महिनोन्‌महिने भिंतीशी उभं करत होते. रात्री तो काकाच्या मागावर कांड्या भरायला बसायचा. “सांगितलं का नाहीस?” असं मी त्याला विचारलं. आज वाटतं, तो प्रश्नही चुकीचा होता. सांगायची जागा मी ठेवली होती कुठे?

याच्यापुढची चूक जास्त मोठी आहे, कारण ती पैशांत मोजता येते. कोविडमध्ये दोन्ही पालक गमावलेल्या मुलांसाठी राज्य सरकारने पाच लाखांची मुदतठेव जाहीर केली, त्याची सगळीकडे बातमी झाली. एक पालक गेलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आधीपासून होती. तेव्हा महिन्याला ११०० रुपये, २०२३ पासून २२५० रुपये, वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत. मला ती माहीत नव्हती. मी त्याला वह्या आणून दिल्या, जुना गणवेश मिळवून दिला, सांत्वन केलं. हक्काचं काय आहे, ते शोधलं नाही. योजना मला कळली तेव्हा तो दहावी काठावर पास होऊन पुण्याला कंपनीत लागला होता. दरमहा ११०० रुपयांनी रात्रीच्या कांड्या पूर्ण थांबल्या नसत्या, पण काही रात्री तरी तो झोपला असता. विडी कामगारांच्या मुलांना केंद्रीय श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती मिळते, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करायचा असतो आणि त्याला आईचं विडी कामगार ओळखपत्र लागतं, हेही मी त्याच्यानंतरच नीट वाचलं.

सोलापूरला अनिश्चित काळ नवा नाही. नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णू गिरणी बंद पडली तेव्हा मी शाळेत शिकत होते. गिरणी कामगारांची मुलं माझ्या वर्गात होती. कुणी सहलीला येईनासं झालं, कुणी दिवाळीनंतर आलंच नाही. कॅटलॉगमध्ये त्यांच्या नावावर रेघ मारलेली मला आठवते. कोणत्याही शिक्षकाने वर्गात त्या गिरणीचं नाव काढलं नाही. शिक्षिका झाल्यावर मीही तेच केलं, माझ्या वेळी फक्त कारण वेगळं होतं.

आता ज्या मुलीबद्दल लिहायचं आहे, तिच्याविषयी लिहावं की नाही, यावर मी बराच विचार केला. तिची ओळख पटेल असं काही इथे देत नाही.

ती शांत, नीटनेटकी. गणितात हुशार नव्हती, पण प्रयोगवहीतल्या तिच्या आकृत्या मी दुसऱ्यांना दाखवायचे. नववीची वार्षिक परीक्षा जवळ आली तेव्हा ती प्रयोगशाळेत मागे थांबली. “मॅडम, एक सांगू? कुणाला सांगायचं नाही.” मी लगेच म्हणाले, “नाही सांगणार. शपथ.” तिचं लग्न ठरत होतं. मुलगा नात्यातला, गाव तेलंगणात. सुट्टीत न्यायचं आणि तिकडेच उरकायचं, असं घरात चाललं होतं.

मी शपथ एका दिवसात मोडली. मोडायलाच हवी होती, पण जशी मोडली तशी नव्हे. मला वाटलं, आपण शिक्षिका, आपलं ऐकतील. संध्याकाळी थेट तिच्या घरी गेले आणि तासभर बोलले. शिक्षणाचं महत्त्व, कायदा, मुलीचं आयुष्य. चहा झाला. तिचे मामा म्हणाले, “तुम्ही सांगताय तर विचार करू मॅडम.” मी समाधानाने परतले. ती दुसऱ्या दिवशी शाळेत आली नाही. परीक्षेलाही आली नाही. घरच्यांना सावध करायचं काम मी केलं होतं. जूनमध्ये कुणीतरी तिचा दाखला मागायला आलं आणि लग्न झाल्याचं बोलता बोलता सांगून गेलं.

तिने माझ्यावर टाकलेल्या विश्वासाचा मी हा उपयोग केला. काय करायला हवं होतं, ते आज मला सांगता येतं. कुणाही मुलाला ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. त्याऐवजी म्हणायचं: मी नीट ऐकेन, पण तुझ्या जिवाला किंवा आयुष्याला धोका दिसला तर योग्य माणसाला सांगावं लागेल, आणि सांगण्याआधी तुला सांगेन. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारकच आहे, तिथे शिक्षकाला पर्याय नाही. बालविवाहाची कुणकुण लागली की आधी १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन करायचा. बालकल्याण समिती आहे, गावपातळीवर ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहेत. त्यांचं काम त्यांना करू द्यायचं. एकटीने उंबरठा ओलांडून भाषण करायचं नाही.

आणि सगळ्यात वाईट भाग पुढचा आहे. जूनमध्ये कळल्यावरही मी कुठेच कळवलं नाही. शाळेचं नाव येईल, वस्तीतले लोक चिडतील, उरलेल्या मुलीही पाठवायच्या बंद करतील, अशी कारणं मी स्वतःला देत राहिले. २००६ च्या कायद्याप्रमाणे अल्पवयात लग्न झालेल्या मुलीला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत ते लग्न रद्द करून मागता येतं. तिला हे कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. मी तरी सांगितलं नाही.

दुसऱ्या एका मुलीच्या बाबतीत मी गप्प राहायची चूक केली. दहावीत होती, वर्गात पहिल्या पाचांत. दिवाळीनंतर ती फटकून बोलायला लागली. मैत्रिणींशी भांडण, माझ्याशी उद्धट उत्तरं. मी तिला विज्ञान प्रदर्शनातून काढलं. ‘डोक्यात हवा गेलीय’ असा निकाल मी स्टाफरूममध्ये जाहीर केला होता. किशोरवयातलं नैराश्य पुष्कळदा उदासीपेक्षा चिडचिडीतूनच दिसतं, हे मला ठाऊक नव्हतं. मग तिच्या मैत्रिणीने तिची रफ वही माझ्यासमोर ठेवली. शेवटच्या पानावर लिहिलं होतं की आपण नसलो तर घरच्यांचं बरं होईल. मी वही मिटली. तिला बोलावून मी प्रेरणादायी बोलायला लागले. गरिबीतून वर आलेली माणसं, रस्त्यावरच्या दिव्याखालचा अभ्यास, ‘तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीतून लोक कुठल्या कुठे गेले’. ती ‘हो मॅडम’ म्हणत राहिली. जो प्रश्न विचारायचा होता तो मी विचारला नाही, कारण मला भीती होती की विचारल्यावर नसलेला विचार तिच्या डोक्यात येईल.

ही भीती चुकीची आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की आत्महत्येबद्दल सरळ विचारल्याने तो विचार रुजत नाही. उलट माणसाला बोलायला वाट मिळते. त्या मुलीच्या आईने मात्र माझ्यासारखा वेळ घालवला नाही. मैत्रिणीकडून कळल्यावर तिने सरळ विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी काम बुडवून मुलीला सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात नेलं. औषधं आणि बोलणं, दोन्ही चाललं. मुलगी बरी झाली, पुढे शिकते आहे. हे श्रेय पूर्णपणे त्या आईचं. त्या बाईला मी त्याआधी दोनदा तक्रार ऐकायला शाळेत बोलावलं होतं.

‘तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीतून लोक वर आले’ हे वाक्य मी तेव्हापासून सोडलं. आमच्या पेशाला त्याची फार ओढ आहे. जयंत्या-पुण्यतिथ्यांची आमची भाषणं त्यावरच उभी असतात. पण खचलेल्या मुलाला ते ऐकवणं म्हणजे, तू दुःखी आहेस हीच तुझी कसूर, असं सांगणं होतं. त्याला तेच ऐकू येतं.

आकडे सांगायचे तर २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयात ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला होता. साठांच्या वर्गात ही चार मुलं होतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२१ मध्ये देशात १३,०८९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यात सर्वाधिक, १,८३४, महाराष्ट्रातल्या होत्या. माझ्या वर्गातली ती चार मुलं कोण, हे मला इतक्या वर्षांत एकदाही नेमकं माहीत नव्हतं. गणितात नापास होणारी कोण, हे मात्र पहिल्या चाचणीआधी सांगता यायचं.

आता मी काय वेगळं करते, ते थोडक्यात. शाळा उघडण्याआधीच्या आठवड्यात तेलुगू जाणणाऱ्या त्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरी जाते. सगळ्यांकडे होत नाही. आधी गेल्या वर्षी जास्त गैरहजर असलेल्यांकडे. वेळ दुपारची, म्हणजे आई विड्या देऊन परतलेली असते आणि तिचे हात चालू ठेवूनच ती बोलू शकते. तक्रार न्यायची नाही, हा नियम. कामापुरतं तेलुगू शिकले. चुका होतात, पोरं दुरुस्त करतात, आणि मला वाटतं त्यांना ते आवडतं. मूल झोपलं तर झोपू देते आणि तास संपल्यावर एकट्याला विचारते, ‘रात्री किती वाजता झोपलास?’ ‘का झोपलास’ असं विचारत नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं.

मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जणांचा जीव गेला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा माझ्या दहावीत अशी मुलं होती ज्यांचे आईवडील तसल्याच कारखान्यांत कामाला जातात. आधीची मी असते, तर पहिल्या धड्यापासून सुरुवात केली असती. या वेळी मी विचारलं, सुट्टीत सगळ्यात जास्त कशाचा विचार आला? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एका मुलाने विचारलं, “मॅडम, शॉर्टसर्किट व्हायच्या आधी कळतंय का?” आगीच्या कारणावर मी काही बोलले नाही. पण विद्युतधारेचे परिणाम हा धडा मी त्याच दिवशी घेतला. फ्यूज कसा वितळतो, एमसीबी का पडतो, एका जागेवर किती भार टाकायचा, घरातली गरम होणारी वायर कशी ओळखायची. मुलांनी घरी जाऊन बोर्ड तपासले. एकीने वडिलांना कारखान्यात बाहेर पडायचे दरवाजे किती, ते विचारून आणलं. त्या वर्गाला तो धडा पुन्हा शिकवावा लागला नाही. सप्टेंबरमध्ये सीना नदीला पूर आला तेव्हा गावाकडे शेती असलेली मुलं आपण होऊन सांगायला आली की घरी काय झालंय.

माझे काही सहकारी म्हणतात, आपण शिक्षक आहोत, समाजसेवक नाही. त्यांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. साठ-पासष्टचे वर्ग, निवडणुकीची कामं, युडायसच्या नोंदी, आणि त्यात मुलांची मनं सांभाळा म्हणायचं. ते प्रशिक्षित माणसाचं काम आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक तत्त्वं दिली. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, असं त्यात आहे. आमच्या शाळेच्या संचमान्यतेत, म्हणजे मंजूर पदांत, ते पद नाही. ते मिळेपर्यंत मुलाचं पहिलं बोलणं वर्गशिक्षकाच्याच कानावर पडणार आहे, आणि ते कानावर पडल्यावर मी जे केलं ते दुसऱ्या कुणी करू नये म्हणून हे लिहिलं.

माझ्या शिक्षक मित्रमैत्रिणींना एक विनंती आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा आणि १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा, असे दोन क्रमांक वर्गात मुलांना दिसतील असे लिहून ठेवा. या जूनमध्ये कॅटलॉगमध्ये नावं चढवताना, ज्यांचे आई किंवा वडील हयात नाहीत अशी मुलं तुमच्या वर्गात किती आहेत, ते शोधा. हे भर वर्गात हात वर करायला लावून विचारू नका. त्यांच्या घरी बालसंगोपन योजनेची माहिती द्या. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करायचा असतो. त्याला मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार आणि शाळेचं बोनाफाईड लागतं. आपल्या हातात त्यातलं बोनाफाईड आहे. मुलाला दुसरा हेलपाटा घालायला न लावता ते त्याच दिवशी द्या.